वहीत नसलेला सूर

आमच्या प्रेरणाला एक खोड आहे, अन ती मी तिच्या तोंडावर सांगते, माघारी नाही. ही पोरगी बोलायच्या आधी लिहिते. मावशीला वाढदिवसाचा फोन करायचा तरी आधी कागदावर दोन ओळी. दुकानदाराशी भांडायचं तरी जिना उतरेपर्यंत ओठ हलतात, तालीम चालू असते. तोवर दुकानदार जेवायला निघून जातो. मी म्हणते, अगं, देवानं जीभ तोंडात दिली, वहीत नाही. त्यावर ती काय म्हणते? काहीच नाही. उद्या सकाळी म्हणेल, रात्रभर विचार करून.

ह्या खोडीपायी तिनं काय गमावलं ते मी डोळ्यांनी बघितलं. नुसतं बघितलं असं म्हणणं खोटं होईल… पण ते पुढं येईल.

मी आवडाबाई. माहेर पिशोरचं, शाळा चौथीपर्यंत. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला आमचं मंगल कार्यालय आहे. आम्ही राहतो त्याच्याच वर. मालक गेले त्याला बावीस वर्षं झाली. पाटीवर नाव मुलाचं, आप्पासाहेबाचं, पण आचारी, मांडववाले, बँडवाले विचारतात मला. प्रेरणा आप्पासाहेबाची थोरली. पुण्यात राहून कीबोर्डच्या आठ परीक्षा दिल्या, आठही पहिल्या वर्गात, अन आता इथंच एका शाळेत संगीत शिकवते. कागद समोर ठेवला की तिची बोटं अशी पळतात की बघत राहावं. कागद काढला की हात मांडीवर.

गेल्या वर्षीची गोष्ट. पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यात कोण लग्न काढतंय, हॉल रिकामा. नवरानवरीच्या खुर्च्या असतात त्या जागी, स्टेजवर, तिनं कीबोर्ड मांडला होता. बाहेर भुरभुर पाऊस, पत्र्यावर सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज. तेवढ्यात रहीम मास्तर आले. मास्तरांचा बँड शहागंजातला, तीस वर्षं आमच्याकडं वाजतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा घ्यायला आले होते, अन सोबत एक नवा गडी, पाठीवर सॅक्सोफोनची पेटी. हा गोकुळ, मास्तरांनी सांगितलं, वाजवतो झकास, पण एक गाणं दोनदा सारखं वाजवत नाही. मी म्हणलं, मग ठेवलाच कशाला. मास्तर नुसते हसले.

आम्ही ऑफिसात बसलो. ऑफिसच्या खिडकीतून अख्खा हॉल दिसतो. ती खिडकी मीच पाडून घेतलेली, जेवणावळीवर नजर ठेवायला. गोकुळ हॉलच्या दाराशी थांबला, ओल्या चपला काढाव्या का नको ह्या विचारात. प्रेरणा एक संथ इंग्रजी चाल वाजवत होती. एका जागी तिचं बोट घसरलं. ती थांबली, मान हलवली, पहिल्यापासून सुरू. परत तिथंच आली, परत तेच बोट तसंच घसरलं… अन ह्या वेळी तोच चुकलेला सूर दाराकडून, गोकुळनं पेटीतून काढलेल्या सॅक्सोफोनमधून आला. पितळी, लांब, घट्ट पाकासारखा ओढलेला. त्या सुराला धरूनच तो पुढं चालू लागला, दोन पावलं इकडं, एक तिकडं, अन फिरून नेमका तिच्या चालीवर येऊन टेकला. जणू तिला तिथं चुकायचंच होतं.

प्रेरणाचे हात हवेत.

"हे कुठल्या पानावर आहे?" तिनं विचारलं.

"कुठंच नाय."

"मग पुढं काय ते तुम्हाला कसं कळलं?"

"तुमी चुकलात ना, तिथून वाट दिसली."

"मी चुकले नव्हते."

"बरं… मग मीच चुकलो." गोकुळनं चपला काढल्या अन दोन पावलं आत आला. "परत चुकता का एकदा? लई गोड चुकला होता तुमी."

पोरगी लाजली नाही. तिनं वही उघडली अन काहीतरी लिहून ठेवलं. मी काही बोलणार होते, तर मास्तर दाढीत हसत म्हणाले, आक्का, जरा दमानं, तिथं बोलणं चाललंय.

त्या दिवसापासून प्रेरणानं हट्ट धरला की हे शिकायचं. ह्याला जॅझ म्हणतात म्हणे. ठरलेली चाल एकदा वाजवून झाली की तिच्याच अंगानं तिथल्या तिथं नवं काढत जायचं, हे त्यातलं खरं कसब. मला पटलं नाही. बँडवाल्याकडं शिकणार आमची नात? पण मास्तर तरुणपणी बारा वर्षं मुंबईच्या हॉटेलांत गोव्याच्या वाजवणाऱ्यांबरोबर बसून हे शिकलेले. अन हॉल तसाही रिकामाच. मी म्हणलं, शिकायचं तर इथं, माझ्या खिडकीसमोर. मंगळवार अन शुक्रवार, संध्याकाळी पाच.

मला वाटलं होतं, आयत्या वेळी वाजवायचं त्यात शिकवणार काय, मनाला येईल ते बडवायचं. तसं नव्हतं. मास्तरांनी पहिले पंधरा दिवस तिला कीबोर्डला हात लावू दिला नाही. एकच चाल, तोंडानं गायची. भाजी चिरताना, गाडीवर, केस विंचरताना. जे तोंडानं येत नाही ते बोटातून येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्या चालीखालचा फेर शिकवला. वरची चाल संपली तरी खालचा फेर रहाटासारखा फिरत राहतो. वाजवणारा कितीबी भटकला तरी फेर वळतो त्या जागी त्यानं घरी यायचं. मग जुन्या वाजवणाऱ्यांच्या रेकॉर्डी ऐकायला लावल्या, अन त्यांची नक्कल करायची, श्वासासकट. तेव्हा मी खिडकीतून तोंड घातलंच. म्हणलं, मास्तर, नक्कल तर आमची पोरगी आधीपासूनच करते की.

"आक्का," मास्तर म्हणाले, "लेकरू बोलायला घरच्यांची नक्कल करूनच शिकतं. पण भूक लागल्यावर ते आईला हाक मारतं, ती नक्कल असती का?"

मी तोंड खिडकीतून परत आत घेतलं. अशी वेळ माझ्यावर वर्षातून एखाददा येते.

माझं मन त्यात का रमलं ते सांगते. उखाण्यात आमच्या भावकीत माझा हात कुणी धरत नाही. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी, साळूबाईंनी, माझ्याकडून तेरा उखाणे पाठ करून घेतले होते. पण मी भर पंगतीत आयत्या वेळी जोडून म्हणायची. "अद्रकाच्या वाफ्याला पाटाचं पाणी, कडुबारावांच्या घरात मीच कारभारणी," हा तर सासूबाईंच्या समोर म्हणला. बायका हसून लोळल्या, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तेव्हा खिडकीत बसून मला वाटायचं, हे जॅझ जॅझ म्हणतात ते तर मला जन्मापासून येतं.

प्रेरणाला मात्र येईना. नक्कल सुरेख करायची, पण मास्तर म्हणाले आता तुझं वाजव, की हात मांडीवर. एकदा मास्तरांनी तिला तीनच पट्ट्या दिल्या. चौथीला हात लावायचा नाही, अन ह्या तिन्हींत काय बोलायचं ते बोल. राग बोल, भूक बोल, मांजराला हाकल. शेवटी त्याच तीन पट्ट्यांत तिनं गोकुळला शिंक येते तसं काहीतरी वाजवलं, पहिलं लांब घेतलेलं, मग अडकलेलं, मग एकदम फुटलेलं. गोकुळ इतका हसला की त्याला फुंकता येईना. प्रेरणाही हसत होती, केस सुटलेले, वही खाली पडलेली. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. येत होतं तिला… म्हणून तर जास्त लागतं.

दसऱ्यानंतर सवाल-जवाब सुरू झाले. थोडं गोकुळनं वाजवायचं, तेवढंच प्रेरणानं, मास्तर मांडीवर ताल धरून. इथंच सगळं झालं. कारण सवाल-जवाबात समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. गोकुळचा दम संपत आला की त्याची डावी भुवई वर जायची—आता तू. अन त्या भुवईची वाट बघताना प्रेरणा खालचा ओठ दातांत धरायची. घाम आला की तो गळ्यातल्या पट्ट्याखालून रुमाल फिरवायचा. एकदा रुमाल विसरला, तर तिनं आपली ओढणी पुढं केली… अर्धीच, अन मागं घेतली. मी खिडकीत चवळीच्या शेंगा निवडत होते. त्या दिवशी सगळ्या शेंगा दोनदा निवडल्या.

येताना तो शहरातून इमरती आणायचा. म्हणायचा, आजींसाठी. मला साखर बंद आहे हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं होतं.

एका शुक्रवारी मास्तरांना यायला उशीर झाला. दोघं स्टेजच्या पायरीवर बसले होते, मधे वही. मी खिडकीत, अन रिकाम्या हॉलात हळू बोललेलंही तिथवर ऐकू येतं. त्यानं ती सहज उघडली. पानामागं पान भरलेलं, बारीक बारीक खुणा, अन प्रत्येकीवर तारीख.

"हे काय?"

"तू वाजवलेलं."

"मी? कवा?"

"हे गेल्या मंगळवारी, पाऊस थांबला तेव्हाचं. अन हे त्याच्या आधीचं… तुला मधेच शिंक आली होती बघ. तिथं जागा सोडलीय."

तो लई वेळ पान बघत राहिला. "मला तर यातलं काय आठवत बी नाय."

"मला आठवतं."

वरचा पंखा फिरत होता. पान उडू नये म्हणून दोघांनी एकाच वेळी हात ठेवला, अन हात तिथंच राहिले. मग तो हळूच म्हणाला, "प्रेरणा, तू समदं बांधून ठेवतीस. मी तर वाजवतो ते सुटून जायला."

"मग मी आहे ना धरून ठेवायला."

मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. आज वाटतं, भांडण तिथंच होतं, मायेच्या पोटात दडून बसलेलं.

दिवाळी झाली. मास्तरांच्या जुन्या ओळखीतून गोकुळला गोव्याच्या एका हॉटेलात बोलावणं आलं, रोज जॅझ वाजवायचं, कायमचं काम. त्याच्या आधी क्रांती चौकाजवळच्या एका कॅफेत रविवारी मास्तर, गोकुळ अन प्रेरणा असे तिघं वाजवणार होते, अन सोमवारी दुपारच्या गाडीनं तो निघणार होता. बुधवारी प्रेरणा माझ्या खोलीत आली, दार लोटलं, अन त्यानं तिला काय सांगितलं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"तो म्हणाला, रविवारी वाजवताना मी तुला एक विचारीन. तोंडानं मला जमायचं नाय. तू हो म्हणलीस तर महिन्याभरात माझी माणसं मागणी घालायला तुझ्या घरी येतील. नाय म्हणलीस तरी मी समजून घेईन. पण वही आणू नको, प्रेरणा. तिथल्या तिथं जे वाटंल ते वाजव."

मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणाली, हो आहे. लगेच म्हणाली. उभ्या जन्मात तिनं कशाचं उत्तर एवढ्या लवकर दिलं नसेल.

बँडवाल्याचं स्थळ. नात्यागोत्यात काय म्हणतील, आप्पासाहेब किती आदळआपट करील, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं. पण पोरगा सरळ नजरेचा, अन पोरीचं तोंड असं उजळलेलं. मी म्हणलं, बापाला मी बघून घेते, तू रविवारचं बघ.

इथवर मी शहाण्यासारखी वागले. मग म्हणलं, "पण भरल्या लोकांत जातीस, नाक कापून येऊ नको. वही नको म्हणला ना? मग पाठ करून जा. त्याला कुठं कळतंय."

तीन दिवस ती घोटत बसली. त्याचा सवाल कसा असेल याचा तिनं अंदाज बांधला. वहीत त्याचं सगळं होतंच, तो कुठून निघतो, कुठं चढतो, कुठं वळतो. त्यावरून जवाब लिहिला, पाठ केला, अन मी साळूबाईंसारखी समोर बसून चाळीस वेळा वाजवून घेतला. शनिवारी संध्याकाळपर्यंत एक सूर इकडचा तिकडं होत नव्हता. जवाब सुंदर होता. मला त्यातलं कळत नाही, पण ऐकताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं हे खरं.

रविवारी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. मला भिंतीशी खुर्ची दिली, पुढ्यात कॉफी, तिच्यावर फेसाचा बदाम काढलेला. खालून चौकातल्या गाड्यांचे हॉर्न येत होते. प्रेरणानं अंजिरी रंगाची साडी नेसली होती, अन तिच्यासमोर कागद नव्हता. गोकुळनं ते बघितलं. त्याचा चेहरा असा फुलला की मलाच चोरट्यासारखं झालं.

दोन गाणी झाली. तिसरी तीच संथ चाल, पितृपक्षातली. मास्तरांनी ताल धरला, चाल झाली, फेर वळला, अन गोकुळ सुरू झाला… पण वहीतला गोकुळ तो नव्हताच. एरवी तो पायऱ्या चढत वर वर जायचा. त्या दिवशी उंबऱ्यात उभा राहिल्यासारखा, थोडं वाजवायचा, थांबायचा. शेवटी त्यानं एकच सूर काढला, लांब.

मला सूर ओळखू येत नाहीत. तो ओळखू आला. पहिल्या दिवशी तिचं बोट घसरलं होतं तो सूर. त्या चालीत त्याला जागाच नाही, ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. गोकुळ मुद्दाम तिथं जाऊन उभा राहिला, एकटा, सगळ्या लोकांसमोर, अन डावी भुवई वर केली.

प्रेरणाला कळलं. तिची मान झटकन वर आली, बोट त्या पट्टीकडं निघालंसुद्धा. अर्धा क्षण ते हवेत होतं… मी बघितलं. मग तिनं डोळे मिटले, अन पाठ केलेला जवाब सुरू केला.

एक सूर चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागून कुणी शिट्टी मारली. गोकुळचा सूर मात्र तसाच लोंबकळत राहिला, दारातल्या पाहुण्याला कुणी आत या म्हणू नये तसा. त्यानंही टाळ्या वाजवल्या. गळ्यातला पट्टा काढला, सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवला, तिला म्हणाला छान झालं, अन मला न भेटताच जिना उतरून गेला.

परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "आजी, त्यानं दुसरंच विचारलं गं. माझी तयारी त्याची नव्हती."

सोमवारी सकाळी अकराला तो कार्यालयात आला. प्रेरणा वर बसली होती. पहाटेपासून त्यालाच चिठ्ठी लिहीत होती, काल काय झालं, का झालं, सगळं समजावून. मी जिन्यातून हाक मारली, गोकुळ आलाय. वरून आवाज आला, आले आजी, संपतच आलंय.

तो बाकावर बसला, गुडघ्यांवर पेटी. चहा घेतला. घड्याळाकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं, परत घड्याळाकडं. रिक्षा फाटकाशी थांबवलेली. शेवटी म्हणाला, "आजी, तुमाला एक विचारायचं होतं… कालचं ते झालं, पण तिच्या मनात—"

मी रात्रीपासून फणफणत होते. आमच्या पोरीला चारचौघांत नुसतं छान म्हणून निघून जातो, मला साधा नमस्कार नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं बाहेर पडलं.

"आमच्या घरच्या पोरी कुणाच्या मागं पळत नसतात."

त्याचं तोंड उघडं होतं ते मिटलं. कप खाली ठेवला. "बरोबर हाय आजी," म्हणाला, वाकून पाया पडला, पेटी उचलली अन गेला.

ते वाक्य माझं नव्हतं. साळूबाईंचं होतं. माझ्या नणंदेच्या वेळी, जावयाकडची माणसं समेटाला आली होती, तेव्हा त्यांनी ह्याच शब्दांत, ह्याच आवाजात सुनावलं होतं, अन नणंद तीन वर्षं माहेरी बसली. आयत्या वेळी बोलणारी म्हणून मी जन्मभर मिरवले. खरी वेळ आली तेव्हा सासूबाईंचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. समोरचं पोरगं काय विचारतंय ते कानावर घेतलंसुद्धा नाही. माझ्या उखाण्यांचंही तसंच असेल बघा. अद्रक माझं, बाकीचे तुकडे त्या तेरांतलेच.

प्रेरणा खाली आली तेव्हा हातात चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. बाक रिकामा बघून ती अनवाणी फाटकापर्यंत पळाली. रिक्षा गेली होती. त्याचा फोन लागेना, म्हणून मग तिनं त्या चारही पानांचे फोटो काढून त्याला पाठवले.

दोन दिवसांनी रहीम मास्तर आले. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. गोकुळनंही तोंडानं विचारायला पाहिजे होतं, असं उलट तेच म्हणाले. फक्त एक सांगितलं. गाडीत बसताना पोरगा म्हणाला, मास्तर, तिनं वाजवलं एक नंबर, पण त्यात मी कुठं नव्हतो.

त्या दिवशी मी माझ्या फोनवरून गोकुळला फोन केला. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, त्याची मागितली. त्यानं शांतपणं ऐकून घेतलं. म्हणाला, आजी, तुमचं काय मनावर घेतलं नाय, मला उत्तर रविवारीच मिळालं होतं. मागं कुणीतरी सॅक्सोफोन जुळवत होतं. मी म्हणलं, बाळा, ते उत्तर तिचं नव्हतं रे. तो म्हणाला, आता इथं बोलवतायत, ठेवतो.

अन दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेरणा फोन घेऊन ऑफिसात आली. तिच्या चार पानांना जवाब आला होता. तिनं मला वाचून दाखवला. "खूप सुंदर लिहिलंयस. एकही चूक नाही. काळजी घे."

"आजी, म्हणजे काय गं?" ती म्हणाली.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सोमवारी मी त्याला काय बोलले होते ते आधी तिला सांगितलं, शब्द न शब्द. फोनवर काय झालं तेही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं खुर्ची ओढली, कोरं पान काढलं, अन पेनाचं टोपण उघडत विचारलं, आता त्याला काय लिहू. पान अगदी सरळ ठेवलेलं.

मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"म्हणजे त्यानं तुला शंभरपैकी शंभर दिले पोरी, अन शाळा सोडून गेला," मी म्हणलं. "आता लिहू काय नको. त्यानं विचारलं ते तुला ऐकू आलं होतं, मी तुझं बोट बघितलंय, तरी तू पाठ केलेलंच वाजवलंस. तू भित्री. अन मी तर त्याला विचारू बी दिलं नाय. मी आखडू. दोघींनी मिळून सोन्यासारखं माणूस घालवलं, अन त्याला आता इलाज नाय. ये, बस अशी जवळ. रडायचं तर रड… पण आधी ठरवून रडू नको."